थोरल्यांचा ठोका

आमच्या बँडमध्ये त्या दोघांना कुणी नावानं हाक मारत नसे. सख्खे भाऊ, म्हणून एक थोरले आणि एक धाकटे, एवढंच. थोरले ट्रॉम्बोन वाजवायचे, ती लांब नळी पुढे-मागे सरकवून सूर काढतात ते पितळी वाद्य. धाकट्यांकडे मोठा ड्रम होता. मी क्लॅरिनेटवाली. माझी खुर्ची थोरल्यांच्या शेजारची, त्यामुळे जे झालं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं त्यांच्या बायकांनी सांगितलं.

उन्हाळ्यात दर रविवारी संध्याकाळी शहराच्या बागेतल्या बँडस्टँडवर आमचा कार्यक्रम असतो. तिकीट नाही. आठकोनी चौथरा, लोखंडी खांब, वर पत्रा, खाली लाकडी फळ्या. समोर बाकं, आणि बाकं संपली की गवत. ज्यांना घरात उकडतं ते सगळे येतात. म्हातारी माणसं वेळेआधी येऊन जागा धरतात, पोरं संगीत सोडून बाकी सगळं करतात, आणि एखादं कुत्रं हमखास नेमक्या हळुवार जागी भुंकतं. आम्ही वाजवणारेही हौशीच. मास्तर दिवसा पोस्टात शिक्के मारायचे आणि रविवारी ताल द्यायची छडी हातात घ्यायचे. मी शाळेत शिकवत असे. थोरले वर्तमानपत्राच्या छापखान्यात मोठ्या यंत्रावर होते आणि धाकटे काचा बसवायचे, दुकानांच्या, घरांच्या, इस्पितळांच्या. दिवसभर हात इतका जपून चालवावा लागतो, त्याचा वचपा हा माणूस रविवारी ड्रमवर काढतो, असं आम्ही म्हणायचो. धाकटेही हसायचे.

वडील लवकर गेले तेव्हा धाकटे अजून शाळेत होते. थोरल्यांनी शिक्षण सोडून छापखाना धरला आणि घर सांभाळलं. धाकट्यांना बँडमध्ये आणलं तेही त्यांनीच. त्यांची आई पुढच्या बाकावर बसायची, मांडीवर पर्स, पाय जमिनीला टेकत नसत. कार्यक्रम संपला की दोन्ही मुलांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि दर वेळी एकच वाक्य म्हणायची, की ढोल जरा जास्त झाला. मग तिघं एकत्र घरी जायची.

ती आजारी पडली तिथून सगळं बिनसलं. पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून बघू, पण वयाचं सांगता येत नाही. धाकट्यांचं म्हणणं, तिला कापाकापीत घालू नका, घरी राहू दे. आईला विचारलं तर ती म्हणाली, थोरला म्हणेल तसं. थोरल्यांनी हो म्हटलं. ऑपरेशन झालं आणि ती शुद्धीवर आलीच नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात, अजून बाकीचे नातेवाईक पोचायचे होते तेव्हा, धाकटे थोरल्यांना म्हणाले, "दादा, घरी असती तर आज जिवंत असती. तू तिला मारलंस."

थोरले म्हणाले, "इतके दिवस तिच्या उशाशी कोण बसलं होतं? तू?"

दोघांचंही दोघांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून दोघांतून आडवा विस्तव जाईना. एका शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर घरं, पण एकमेकांचा उंबरा बंद. त्यांच्या बायकांनी मात्र हे वैर घरात घेतलं नाही. बाजाराला बरोबर जायच्या, आजारपणात एकमेकींकडे डबा पोचवायच्या. जावाजावा बहिणींसारख्या आणि भाऊ मात्र भाऊबंद, असा उलटा प्रकार.

बँड दोघांनीही सोडला नाही. पहिल्यांदा कोण सोडणार, हाही बहुधा हट्टच असावा. तालमीला दोघं यायचे, चार पावलांच्या अंतरावर बसायचे आणि मास्तरांच्या मार्फत बोलायचे. धाकटे मास्तरांना म्हणायचे, "ट्रॉम्बोनवाल्यांना सांगा, शेवटच्या भागात फार ओढून धरतात." मास्तर मान वळवून तेच थोरल्यांना सांगायचे. थोरले म्हणायचे, "ड्रमवाल्यांना सांगा, ढोल जरा जास्त होतोय." ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो, कारण ते वाक्य कुणाचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. धाकट्यांनी त्या दिवशी उरलेली तालीम अगदी हलक्या हातानं वाजवली. सुरुवातीला आम्हाला या मध्यस्थीची गंमत वाटायची. पुढे सवय झाली, आणि सवय झाल्याचंच वाईट वाटायला लागलं.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग थोरल्यांचे कान जायला लागले.

छापखान्यातलं यंत्र सुरू झालं की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागे. त्यांच्या तरुणपणी कानांवर काही घालायची पद्धत नव्हती. त्यांच्या बायकोला प्रथम शंका आली ती दाराच्या घंटेवरून. घंटा वाजून वाजून माणूस परत जायचा आणि हे आत पेपर वाचत बसलेले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ओठांवरून समजून घ्यायला शिकले, चारचौघांत बाकीचे हसले की आपणही हसायचे, आणि न कळलेल्या प्रश्नाला "बघू" असं उत्तर द्यायचे. बऱ्याचशा प्रश्नांना ते चालून जायचं.

बँडमध्ये मात्र चालेना. त्यांची सुरुवात चुकायला लागली. सगळे थांबून ट्रॉम्बोननं उचलायची जागा यायची आणि ते एक क्षण उशिरा यायचे. मास्तरांनी एकदोनदा त्यांच्याकडे पाहिलं आणि छडी जरा मोठी फिरवायला लागले. मीही कोपरानं खूण करायचा प्रयत्न केला, पण क्लॅरिनेट वाजवताना कोपर मोकळं नसतं.

एका रविवारी आम्ही बँडस्टँडवर चढलो तर धाकटे ड्रम ओढत होते. तो कायम मागच्या खांबाजवळ असायचा. त्यांनी तो सरकवत आणून थेट थोरल्यांच्या खुर्चीमागे उभा केला. मास्तरांनी विचारलं, हे काय. धाकटे म्हणाले, "तिकडे ऊन डोळ्यांवर येतं." मास्तरांनी वर पत्र्याकडे पाहिलं, धाकट्यांकडे पाहिलं आणि पुढचा कागद उलटला.

त्या संध्याकाळी थोरल्यांची एकही जागा चुकली नाही. मधल्या विश्रांतीत माझं लक्ष खाली गेलं. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले होते आणि मोजे घातलेली पावलं फळ्यांवर सपाट टेकवली होती. मला काही कळलं नाही. पुढचा तुकडा सुरू झाला तेव्हा मीही सँडलमधून पाय बाहेर काढून फळीवर ठेवला. ड्रमचा प्रत्येक ठोका फळीतून टाचेत येत होता. आणि ट्रॉम्बोनची जागा यायच्या आधी एक बारीकसा ठोका येत होता, जो कागदावर लिहिलेला नव्हता. कानाला तो जवळजवळ ऐकू येत नव्हता. धाकटे काठी न वापरता बोटांनीच तो मारत होते.

मी मागे वळून पाहिलं नाही. कुणाला सांगितलंही नाही, पण हळूहळू सगळ्यांना कळलं असावं, कारण त्यानंतर त्या ड्रमच्या जागेविषयी कुणी ब्र काढला नाही. तालीम सुरू होण्याआधी ड्रम त्याच जागी आणि थोरल्यांचे बूट खुर्चीखाली. बोलणं अर्थात नव्हतंच. मास्तरांच्या मार्फतचे निरोपही थांबले होते, थोरल्यांना ते ऐकू येत नव्हते म्हणून असेल.

पण ड्रम वेळ सांगतो, सूर सांगत नाही. ट्रॉम्बोनला बटणं नसतात. नळी कुठे थांबवायची ते कान ठरवतो. थोरले हाताच्या सवयीवर वाजवत होते आणि सवय हळूहळू घसरत होती. एका संध्याकाळी एका संथ चालीत त्यांचा एकट्याचा भाग होता. सूर पहिल्यापासून खाली लागला आणि खालीच गेला. पुढच्या बाकावरची एक मुलगी खुदकन हसली, तिच्या आईनं तिला दटावलं. थोरल्यांना हसू ऐकू आलं नाही, पण चेहरे वाचण्यात ते आता पटाईत झाले होते. त्यांनी तो भाग शेवटपर्यंत वाजवला, वाद्य मांडीवर ठेवलं आणि त्या संध्याकाळी पुन्हा उचललं नाही.

पुढच्या तालमीला ते ट्रॉम्बोन लख्ख पुसून घेऊन आले आणि तो मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. म्हणाले, "मला ऐकू येत नाही. तुम्हा सगळ्यांना माहीत होतं, आज मीही सांगतो. हे कुणातरी होतकरूला द्या." धाकटे खाली वाकून ड्रमच्या खिट्ट्या आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण आवळता आवळता त्यांनी एक खिट्टी इतकी फिरवली की ड्रमचं कातडं फाटलं, आणि ती तालीम तिथंच थांबवावी लागली.

थोरले बागेत यायचे बंद झाले. छापखान्यातूनही ते निवृत्त झाले होते. रविवारी संध्याकाळी ते स्वयंपाकघरातले खण काढून पुसत बसतात, असं त्यांची बायको मला म्हणाली. पुसून झालेला खण पुन्हा काढतात.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात धाकटे एका दुकानाची दर्शनी काच बसवत असताना त्यांचा उजवा हात अचानक लुळा पडला. काच खाली येऊन फुटली, ते शिडीवरून उतरले आणि फुटपाथवर बसले. पक्षाघाताचा झटका होता, उजवी बाजूच गेली, पण जीव वाचला. पाय पुष्कळसा परत आला, बोलणं थोडं जड झालं, उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. थोरले इस्पितळात गेले होते, पण धाकटे झोपलेले असताना. दाराच्या काचेतून पाहून परत आले.

उन्हाळा जवळ आला आणि बँडला ड्रमवाला नव्हता. मास्तरांनी नवी माणसं बघितली. एक जण तालाच्या पुढे पळायचा, दुसरा स्वतःच्याच आवाजावर खूष होता. शेवटी मास्तर थोरल्यांच्या घरी गेले. समोर बसून, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले की ड्रमला सूर लावावा लागत नाही, सगळ्या चाली तुम्हाला पाठ आहेत आणि माझी छडी तुम्हाला दिसते.

"ती जागा त्याची आहे," थोरले म्हणाले. "त्याला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"मग विचारा," मास्तर म्हणाले.

मास्तर गेल्यावरही ते बराच वेळ खुर्चीतच होते. मग उठून त्यांनी बूट घातले. बायकोनं विचारलं, बरोबर येऊ का. त्यांनी नकाराची मान हलवली.

त्या भेटीविषयी मला धाकट्यांच्या बायकोनं सांगितलं. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चालायचं. भिंतीला टेकवलेल्या काचा, मधे जुने वर्तमानपत्राचे कागद, आणि काचा पक्क्या करायच्या पुटीनचा तेलकट वास. धाकटे खिडकीशी खुर्चीत होते. थोरले आत येऊन उभे राहिले. बसा म्हटलेलं त्यांना कळलं नाही, किंवा कळूनही ते बसले नाहीत.

"मास्तर म्हणतात, ड्रम घ्या," ते म्हणाले. "तू हो म्हणशील तर घेतो. नाहीतर नाही."

धाकटे बोलायला लागले, ड्रमविषयी नाही, आईविषयी. जड जिभेनं, जमिनीकडे बघत. ती गेल्यानंतर वर्षभरानं ते त्याच इस्पितळात काच बसवायला गेले होते. तिथं त्यांना आईचे डॉक्टर भेटले. डॉक्टर सहज बोलून गेले की ऑपरेशन केलं नसतं तर तिनं महिनाही काढला नसता, आणि तोही फार हालांत. थोरल्या मुलाला ते स्पष्ट सांगितलं होतं. मग धाकट्यांना समजलं की दादानं हे ऐकून घेतलं होतं आणि घरी कुणाला सांगितलं नव्हतं, आईला आणि भावाला आशा राहावी म्हणून. व्हरांड्यात तो आरोप ऐकतानाही त्यानं ते सांगितलं नव्हतं. धाकटे म्हणाले, की तेव्हाच यायला हवं होतं. दर महिन्याला वाटायचं, जावं, आणि जितका उशीर झाला तितकं जाणं अवघड झालं. तिच्या उशाशी मी बसलो नाही कारण मला ते बघवत नव्हतं, आणि त्याचं सगळं मी तुझ्यावर ढकललं. हे बोलताना ते रडत होते.

थोरल्यांना यातला एक शब्दही कळला नाही. ऐकू येत नव्हतं, आणि भावाची मान खाली, ओठ एका बाजूला ओढलेले, त्यामुळे वाचताही येत नव्हतं. बोलणं थांबलं तेव्हा त्यांनी भावजयीकडे पाहिलं.

"काय म्हणाला?"

ती डोळे पुसत पेन्सिल शोधायला लागली. थोरल्यांनी तिचा हात धरला.

"लिहू नकोस," ते म्हणाले. "इतकं बोलला ना तो, पुरे. ड्रमचं तेवढं सांग."

धाकट्यांनी मान वर करून होकार दिला. मग डाव्या हातानं समोरची खुर्ची दाखवली. थोरले बसले. धाकट्यांनी डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि पहिल्याच चालीचा ताल द्यायला सुरुवात केली.

पुढचे महिने थोरले रोज दुपारी तिकडे जायचे. धाकटे त्यांच्या गुडघ्यावर, पाठीवर, टेबलावर ठोके द्यायचे आणि ते काठीनं एका जुन्या गादीवर तेच वाजवायचे. शिकवताना धाकटे भलतेच कडक होते. समोरच्याला ऐकू येत नाही या भरवशावर ते तोंडाला येईल ते बोलायचे. एकदा थोरले काठी खाली ठेवून म्हणाले, "गाढव म्हणालास ते दिसलं मला." भावजय सांगते की त्या दिवशी ते दोघं इतके हसले की तिला शेजारच्या खोलीतून यावं लागलं. काठी मारल्यानं पाणी तुटत नाही म्हणतात, ते मला तेव्हा पटलं. अर्थात इतकी वर्षं काठी मारत राहिलं की पाण्यालाही काही होत नसेल, असं मी म्हणणार नाही.

उन्हाळ्याच्या पहिल्या रविवारी थोरले ड्रममागे उभे राहिले. धाकट्यांना त्यांच्या बायकोनं पुढच्या बाकावर आणून बसवलं. पहिल्याच तुकड्यात, जिथं सगळ्या बँडनं गप्प राहायचं होतं, तिथं थोरल्यांचा एक दणदणीत ठोका पडला. लोक हसले, टाळ्याही पडल्या. थोरल्यांनी मास्तरांकडे पाहिलं, आणि मग भावाकडे. धाकट्यांनी डावा तळहात वर करून सावकाश खाली आणला. त्यानंतर पूर्ण संध्याकाळ थोरल्यांची नजर छडी आणि तो हात यांच्यात जात-येत राहिली. मास्तर नंतर तक्रार करायचे की या बँडला आता दोन मास्तर झाले आहेत आणि खरं कुणाचं चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

काही उन्हाळे असे गेले. मग एका वर्षी, हंगाम नुकताच सुरू झाला असताना, धाकट्यांना दुसरा झटका आला आणि त्यातून ते उठले नाहीत. मास्तर म्हणाले, हा रविवार बंद ठेवू. थोरल्यांनी नाही म्हटलं. लोक येऊन बसतील, त्यांना कोण सांगणार. ते आले आणि उभे राहून सगळा कार्यक्रम वाजवला. पुढच्या बाकावर दोघी जावा होत्या, मधे जागा सोडून. सगळं आवरल्यावर थोरल्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कसं झालं ते विचारलं. मी सांगितलं, शेवटच्या चालीत एका जागी उशीर झाला. ते म्हणाले, "हो. मलाही वाटलं." आणि ड्रमच्या खिट्ट्या सैल करायला लागले.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी ते भावजयीकडे गेले आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून, उजेडात बसले. म्हणाले, "त्या दिवशी तो काय बोलला होता, ते आता सांग. सावकाश."

तिनं सांगितलं. ते तिच्या ओठांकडे बघत होते. डॉक्टरांचं आलं तेव्हा त्यांनी तिला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

"म्हणजे त्याला माहीत होतं."

"हो."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "मला वाटायचं, तो तसाच समज घेऊन जाईल." थोड्या वेळानं ते म्हणाले की तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. लहान आहे म्हणून लपवलं, आणि तो तर तेव्हा दोन पोरांचा बाप होता. मग त्यांनी चहा मागितला, आणि ती चहा घेऊन येईपर्यंत हातांत तोंड लपवून बसून राहिले.

त्यानंतर ते आणखी थोडी वर्षं वाजवत होते. पुढे गुडघ्यांमुळे उभं राहवेना, तेव्हा ड्रम बेकरीत काम करणाऱ्या एका मुलीकडे गेला. तिला त्यांनी आपल्या परीनं शिकवलं. ती चांगली वाजवते, जरा जोरात. मागच्या हिवाळ्यात थोरले झोपेत गेले. दोघी जावा आता एकाच घरात राहतात, धाकटीच्या, कारण तिथं जिने नाहीत. या उन्हाळ्यात त्या एकदाच आल्या होत्या. मधल्या विश्रांतीत वारा सुटला, थोरलीला थंडी वाजायला लागली, म्हणून शेवटच्या दोन चाली न ऐकताच त्या एकमेकींचा हात धरून फाटकाकडे गेल्या.